इंग्रजीतल्या बारक्या शब्दांचा अर्थ नको, काम विचारा

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून हा प्रश्न आला आहे. विचारणारी मुलगी बी.ए. झालेली, घरी कपाशी आणि सोयाबीन, दिवसा वावरातली कामं आणि रात्री तलाठी भरतीचा अभ्यास. ती लिहिते, “मॅडम, मोठे मोठे शब्द पाठ होतात. एन्व्हायर्नमेंट, रिस्पॉन्सिबिलिटी, सगळे येतात. पण ऑफ, टू, फॉर, बाय, सिन्स, अनलेस हे बारके शब्दच मले खातात. अर्थ पाठ करून गेली तरी पेपरात चुकतेच. काऊन होते असं?” सोबत तिने चुकलेली पाच वाक्यं पाठवली आहेत. त्यांची उत्तरं शेवटी देते, आधी चूक कुठून येते ते पाहू.

बेटा, तुझं पाठांतर कच्चं नाही. तू पाठ केलेली यादीच चुकीची आहे. ‘ऑफ म्हणजे चा, टू म्हणजे ला, बाय म्हणजे ने’ अशी ती यादी. मी २६ वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवते आहे आणि पहिली पाच-सहा वर्षं मीही ती फळ्यावर लिहून देत होते. पोरं घडाघडा म्हणून दाखवायची आणि वाक्य लिहायला सांगितलं की ‘ही मॅरीड विथ हर’, ‘आय वेंट टू होम’ असं लिहून आणायची. यादीप्रमाणे पाहिलं तर त्यांचं काहीच चुकलेलं नसायचं. हे लक्षात यायला मला फार वेळ लागला, याची रुखरुख अजून आहे.

घरी एक करून पाहा. आजीला विचार, “आजी, ‘मले’मधल्या ‘ले’चा अर्थ काय?” ती तुझ्या तोंडाकडे पाहत राहील. दिवसभर तिच्या बोलण्यात ‘ले’ येतो, कधी चुकत नाही, पण अर्थ सांगता येणार नाही, कारण ‘ले’ला अर्थ नाहीच. त्याला काम आहे. पुस्तकातल्या मराठीत त्याच कामावर ‘ला’ असतो. इंग्रजीतले बारके शब्द या ‘ले’च्याच जातीचे. त्यांना अर्थ विचारू नको, ‘तू या वाक्यात काय काम करतोस’ हे विचार.

ते असे का झाले, तेही थोडक्यात सांगते, कारण ते कळल्यावर भीती निम्मी होते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्यासारख्या विभक्ती होत्या. नामाचा शेवट बदलायचा आणि त्यावरून कोणी कोणाला काय दिलं ते कळायचं. पुढच्या काही शतकांत बोलता बोलता ते प्रत्यय झिजले. आज ही-हिम, हू-हूम यांसारख्या जोड्या आणि ‘रामाज बुक’मधला मालकीचा एस एवढेच काय ते उरलेत. प्रत्ययांचं काम मग नामाच्या आधी उभ्या राहणाऱ्या सुट्या शब्दांवर आणि शब्दांच्या क्रमावर आलं. म्हणजे आपण जे शब्दाच्या मागे चिकटवतो, ते इंग्रज शब्दाच्या पुढे ठेवतो. आपलं ‘टेबलावर’, त्यांचं ‘ऑन द टेबल’. म्हणून ‘ऑन द टेबल’ हे तीन शब्द नाहीत, एक शब्द आहे असं समजून एका दमात वाच.

आता यादी कुठे फसवते ते ‘ला’वर पाहू. मी अमरावतीला गेले: टू. मी अमरावतीला राहते: इन. पालकाची जुडी दहा रुपयाला: फॉर. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन: ऑन. दिवाळीला माहेरी आले: ॲट. मी त्याला बाजारात पाहिलं: इंग्रजीत काहीच नाही, नुसतं ‘आय सॉ हिम’. मला ताप आहे: इथे तर ‘मला’चाच ‘आय’ होतो, ‘आय हॅव अ फीवर’. एकट्या ‘ला’ची सात घरं झाली. मग टू ओळखायचा कसा? वाक्यात कोणी किंवा काही कुठे तरी पोचतं आहे का ते पाहा. अमरावतीला जाण्यात पोचणं आहे, राहण्यात नाही. आईला पैसे दिले तर पैसे आईपर्यंत पोचले, म्हणून ‘टू’. आणि ‘आय वेंट टू होम’ का चूक, ते तुझ्या मराठीलाच विचार. आपण ‘शाळेला गेलो’ म्हणतो, पण ‘घराला गेलो’ म्हणतो का? नाही, ‘घरी गेलो’. घर या शब्दाला तिथे वेगळी वागणूक आहे. इंग्रजीतही होमला तशीच आहे, ‘गो होम’, मध्ये कोणी नको.

इन, ॲट, ऑन यांच्यावर फार डोकं शिणवू नको. आत असेल तर इन, वर टेकलेलं असेल तर ऑन, नकाशावर बोट ठेवल्यासारखी नुसती जागा दाखवायची असेल तर ॲट. आम्ही बडनेऱ्याला गाडी बदलली, ‘ॲट बडनेरा’, कारण बडनेरा इथे प्रवासातला एक ठिपका आहे. बडनेऱ्यात घर घेतलं तर ‘इन बडनेरा’, कारण आता त्याच्या आत राहायचं आहे. वेळेलाही हेच: पाच वाजता ॲट, सोमवारी ऑन, जूनमध्ये इन. ठिपका, दिवस, मोठा काळ.

खरा घोळ ‘पर्यंत’मध्ये आहे, तिथे जरा थांबू.

“पाच तारखेपर्यंत अर्ज करा.” “पाच तारखेपर्यंत ऑफिस बंद आहे.” मराठीत दोन्हीकडे तोच ‘पर्यंत’. इंग्रजी इथे दोन वेगळी माणसं कामाला लावते. अर्ज तू एकदाच करणार, पाचच्या आधी कधीही, फार तर पाचला. तिथे बाय. ऑफिस मात्र आजपासून पाचपर्यंत रोज बंदच आहे, मध्ये खंड नाही. तिथे अंटिल. तपासायची रीत सोपी आहे: वाक्यातल्या क्रियेला ‘सतत’ जोडून पाहा. ‘सतत बंद आहे’ जमतं, म्हणून अंटिल. ‘सतत अर्ज करा’ जमत नाही, म्हणून बाय. मी सहापर्यंत येते, बाय सिक्स. मी सहापर्यंत थांबते, अंटिल सिक्स. आई सकाळी डबा बांधताना तुला दोन्ही वाक्यं बोलते, फक्त आपण लक्ष दिलेलं नसतं.

‘पर्यंत’ची आणखी तीन कामं आहेत. बस वर्ध्यापर्यंत जाते: ॲज फार ॲज वर्धा. कर्ज पन्नास हजारांपर्यंत मिळतं: अप टू. आतापर्यंत कपाशीचे तीन वेचे झाले: सो फार. आणि तू भरतीच्या जाहिराती वाचतेस म्हणून हे पक्कं ध्यानात ठेव: ‘ऑन ऑर बिफोर १५ जून’मध्ये पंधरा तारीख धरलेली असते, नुसतं ‘बिफोर १५ जून’ असेल तर चौदालाच दार बंद. ‘विदिन सेव्हन डेज’ म्हणजे सात दिवसांच्या आत. पण ‘शी विल कम इन सेव्हन डेज’ म्हणजे ती सात दिवसांनी येईल. मराठीतलं ‘सात दिवसांत’ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतं, म्हणून तिथे चूक होते.

आता अनलेस आणि अंटिल. आपल्या भागातल्या पोरांच्या सगळ्यात जास्त चुका मी इथे तपासल्या आहेत, आणि त्याचं कारण मराठीत आहे, पोरांच्या डोक्यात नाही. कृषी विभाग दर हंगामाच्या तोंडी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. का सांगतो ते तुझ्या घरी सांगायला नको. मृगाच्या एका सरीवर भुलून पेरलं आणि मग उघाड पडली की दुबार पेरणीची वेळ येते, बियाण्याचे पैसे दोनदा जातात. हीच गोष्ट तुझे बाबा म्हणतील, “पाऊस पडत नाही तोवर पेरू नका.” मोज, या वाक्यात नकार दोन आहेत, ‘पडत नाही’ आणि ‘पेरू नका’. मराठीला दोन्ही लागतात. पेरण्याला इंग्रजीत सो म्हणतात. आता लिही: ‘डू नॉट सो अंटिल इट रेन्स’. नकार एकच, पेरण्याचा. पावसाला नकार नाही. तू मराठीच्या सवयीने ‘अंटिल इट डज नॉट रेन’ लिहिलंस, तर वाचणाऱ्याला कळेल की पाऊस नसण्याची वेळ येईपर्यंत थांबा आणि उघाड पडली की पेरा. सल्ला नेमका उलटा झाला.

अनलेसचंही असंच. त्याच्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. हा शब्द मुळात ‘याहून कमी अटीवर’ अशा अर्थाच्या शब्दांतून बनला आहे. ‘याहून कमी अटीवर नाही’ म्हणजे ही अट पुरी झालीच पाहिजे. म्हणून त्याच्या मागे पुन्हा नॉट घालायचा नाही. ‘विहिरीला पाणी लागल्याशिवाय ओलीत होणार नाही’ याला अनलेस वापरावा, कारण पाणी लागेल की नाही हे ठाऊक नाही. पावसाला अंटिल वापरावा, कारण तो उशिरा का होईना येणार आणि आपण वाट पाहत आहोत. वाट पाहणं असेल तर अंटिल, अट असेल तर अनलेस. ‘-ल्याशिवाय’ मराठीत दोन्हीकडे चालतं, तेवढ्यापुरतं सावध राहा.

‘शिवाय’ निघालाच आहे तर त्याची बाकीची घरंही पाहून घे. चहाशिवाय जमत नाही, विदाउट. तुझ्याशिवाय कोणीच आलं नाही, एक्सेप्ट किंवा बट. शेतीशिवाय दुधाचा धंदाही आहे, बिसाइड्स. बट इथे कसा आला म्हणून दचकू नको. तो मुळात ‘बाहेर, वगळून’ अशा अर्थाचा शब्द होता, ‘पण’ हा अर्थ त्याला नंतर चिकटला. म्हणून ‘लास्ट बट वन’ म्हणजे एकाला बाहेर ठेवून शेवटचा, शेवटून दुसरा. ‘नथिंग बट वॉटर’ म्हणजे पाण्याशिवाय काही नाही. हे दोन परीक्षेत विचारतात.

इथे एक घरातली गोष्ट सांगते, कारण बारके शब्द फक्त परीक्षेत नसतात. माझ्या मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाने, पीककर्जासाठी बँकेत खातं उघडलं, तेव्हा मोठ्या आईचं, म्हणजे त्यांच्या बायकोचंही नाव घातलं. फॉर्मवर एका ओळीत तीन-चार चौकटी होत्या: ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’, ‘जॉइंटली’. बाबूने कोणतीही एक खूण करा म्हणून सांगितलं. मोठेबाबा सातवी शिकलेले, अक्षरं जुळवून वाचायचे. त्यांना ‘फॉर्मर’ हा ‘फार्मर’ वाटला. आपण शेतकरी, आपली हीच चौकट, म्हणून त्यांनी तिथे खूण केली. तीन वर्षांनी ते नागपूरला दवाखान्यात भरती होते, बोलता येत नव्हतं, इकडे पेरणी तोंडावर आली होती आणि मोठी आई पासबुक घेऊन बँकेच्या खिडकीशी उभी होती. तिला पैसे मिळाले नाहीत. फॉर्मर म्हणजे पहिलं नाव ज्याचं तो. पहिला जिवंत असेपर्यंत व्यवहार फक्त त्याचा, आणि तो गेल्यावर मागे राहिलेल्याचा. आयदर म्हणजे दोघांपैकी कोणीही. तिथे खूण असती तर तिच्या एकट्या सहीवर काम झालं असतं. बी-बियाण्याचे पैसे तिने शेजाऱ्याकडून व्याजाने घेतले. खिडकीतल्या माणसाने नियम सांगितला, तो बरोबरच होता. पण खूण करायच्या दिवशी कोणी दोन मिनिटं त्या शब्दांचं काम समजावून सांगितलं नाही, हे मला आजही लागतं. तेव्हापासून माझ्या नववी-दहावीच्या वर्गात आयदर, नायदर, बोथ, फॉर्मर, लॅटर हे शब्द बँकेचा फॉर्म हातात देऊनच शिकवले जातात. चेकवरचं ‘ऑर बेअरर’ही त्याच वर्गात शिकवून होतं. ते न खोडता चेक दिला तर तो ज्याच्या हाती असेल त्याला पैसे मिळू शकतात, हे पोरांना एकदा सांगितलं की ‘ऑर’ ते आयुष्यभर विसरत नाहीत.

ऑफबद्दल थोडं. एके काळी ऑफ आणि ‘सुटून दूर’ दाखवणारा दोन एफचा ऑफ हा एकच शब्द होता, पुढे दोन झाले. म्हणून ऑफच्या पोटात अजूनही ‘पासून, सुटून’ हे काम शिल्लक आहे. सोन्याची अंगठी, म्हणजे सोन्यापासून केलेली. कॉलऱ्याने मेला, म्हणजे मरण कॉलऱ्यापासून आलं. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली. त्यानंतर मी औषधाच्या डब्यांची रिकामी लेबलं वर्गात वाचायला घेतली. त्यातलं एक वाक्य असं: ‘कीप आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन’. सहा-सात शब्दांत ऑफ दोनदा आला आहे आणि दोन्हीकडे काम वेगळं. पहिला आउटला धरून आहे, ‘बाहेर’. दुसरा मालकीचा, ‘मुलांच्या’. मुलांचा हात पोचतो त्याच्या बाहेर ठेवा. पोरांनी आधी दोन्हींना ‘चा’ लावून पाहिलं आणि त्यांना वाक्यच लागेना. त्याच लेबलवरचं ‘अगेन्स्ट द विंड’ मात्र त्यांना लगेच कळलं, कारण वाऱ्याच्या तोंडाला फवारायचं नाही हे घरी ऐकलेलं होतं.

उलट प्रत्येक ‘चा’ हा ऑफ नसतो, हेही लक्षात घे. कुलपाची चावी ‘की टू द लॉक’, कारण चावी कुलपाला जाऊन लागते. पाण्याची बाटली रिकामी असेल तर ‘वॉटर बॉटल’, भरलेली असेल तर ‘बॉटल ऑफ वॉटर’. उशिराचं कारण ‘रीझन फॉर’. जुन्या आधार कार्डावर इंग्रजी पत्त्यात तुझ्या ‘डी/ओ’ किंवा कोणाच्या ‘डब्ल्यू/ओ’ असं छापलेलं पाहिलं असशील, त्यातला ओ हा आपला साधा मालकीचा, नात्याचा ऑफ आहे. अर्जातला ‘टू’ म्हणजे आपलं ‘प्रति’, ‘थ्रू’ म्हणजे ‘मार्फत’, ‘ऑन बिहाफ ऑफ’ म्हणजे ‘च्या वतीने’, ‘इन ल्यू ऑफ’ म्हणजे ‘ऐवजी’. सरकारी कागदावरचे हे शब्द मराठी कागदाशेजारी ठेवून वाचले की एका बैठकीत होतात.

सिन्स आणि फॉर यांच्यात ‘पासून’च्या आधी काय आहे तेवढं पाहायचं. कॅलेंडरवर बोट ठेवता येईल अशी वेळ असेल तर सिन्स, मोजलेली लांबी असेल तर फॉर. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, सिन्स १९६९. पन्नासहून जास्त वर्षांपासून आहे, फॉर. पण आणखी एक अट आहे, ती सहसा कोणी सांगत नाही: सिन्सला गोष्ट आपण बोलतो त्या वेळेपर्यंत, बहुतेकदा आजपर्यंत, चालू असावी लागते. गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामला राहिले, तिथे सिन्स बसत नाही, ‘फ्रॉम १९३६’ लिहावं लागतं, कारण ते राहणं संपलेलं आहे. आणि काळ सांभाळ. मराठीत ‘दोन वर्षांपासून राहते’ हा साधा वर्तमानकाळ चालतो, इंग्रजीत ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. पेपरात बहुतेक वेळा हॅज बीन, हॅव बीन हेच तुला खूण देतात.

अ, ॲन, द यांना मराठीत जोडीदार नाही असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. आजीची गोष्ट आठव. “एका गावात एक म्हातारी राहत होती. म्हातारीला दोन नातू होते.” पहिल्यांदा ‘एक म्हातारी’, दुसऱ्यांदा नुसती ‘म्हातारी’, कारण आता ती आपल्या ओळखीची झाली. पहिलीला इंग्रजीत ॲन, दुसरीला द. ॲन हा शब्द ‘एक’ या अर्थाच्या जुन्या शब्दापासूनच आला आहे. अ की ॲन यासाठी स्पेलिंगकडे पाहूच नको. तो शब्द देवनागरीत लिही. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. ‘अवर’ म्हणजे तास, स्पेलिंगमध्ये एच असला तरी अ ने सुरू, ॲन. ‘युनिव्हर्सिटी’, स्पेलिंगमध्ये यू पण उच्चार य, म्हणून अ. ‘एफआयआर’ ॲन, ‘एमएलए’ ॲन, ‘वन रुपी नोट’ अ. ही सोय आपल्या लिपीने आपल्याला फुकट दिली आहे. इंग्रजाच्या पोराकडे ती नाही. नद्यांना द लागतो, द वर्धा, द पैनगंगा. लोणार लेकला लागत नाही. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ कोणी नाहीत, ‘अ फ्यू’ म्हणजे आहेत थोडे. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांचंही तसंच, फक्त मोजता न येणाऱ्या वस्तूंना.

‘नो सूनर’ला सगळे घाबरतात आणि तो तर सरळ आपला आहे. “पाऊस थांबतो न थांबतो तोच वीज गेली.” ‘न’ म्हणजे नो सूनर, ‘तोच’ म्हणजे दॅन. ‘हार्डली’ असेल तर व्हेन. ‘पाऊस येताच’ यातला ‘ताच’ म्हणजे ॲज सून ॲज. ‘असूनही’ साठी डिस्पाइट, त्याच्या मागे ऑफ नाही. इन स्पाइटला ऑफ लागतो. एवढं पुरे.

राहिले क्रियापदांचे जोडीदार. मराठीत ‘शी’ सगळीकडे जातो, म्हणून पोरं विथ सगळीकडे लावतात. त्याच्याशी सहमत, अग्री विथ, बरोबर. त्याच्याशी बोलले, टॉक टू. त्याच्याशी लग्न झालं, मॅरीड टू. ‘त्याबद्दल चर्चा केली’ यातला ‘बद्दल’ डिस्कसच्या पोटातच आहे, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ चूक. रीचला टू नको, एंटरला खोलीत शिरताना इनटू नको. हे जोडीदार तर्काने सापडत नाहीत. क्रियापदासोबतच पाठ करायचे, ‘डिपेंड’ असं कधी लिहूच नको, ‘डिपेंड ऑन’ लिही.

अभ्यासासाठी तुला मी एकच वही सांगेन. डावीकडे ‘ऑफ, टू, बाय’ असे इंग्रजी शब्द लिहू नको, आपले प्रत्यय लिही: ला, ने, शी, चा, वर, पासून, पर्यंत, शिवाय. प्रत्येकाला दोन पानं. दिवसभरात घरी, वावरात, बाजारात कानावर पडलेलं एखादं वाक्य त्या पानावर टाक आणि शेजारी इंग्रजी लिही. ‘दारावर कोणी आलं’, ॲट द डोअर. ‘माझ्यावर रागावला’, अँग्री विथ मी. ‘गाण्यावर नाचली’, टू द साँग. ‘विळ्याने कापलं’, विथ. ‘बसने आली’, बाय. ‘आईने स्वयंपाक केला’ यातल्या ‘ने’ला इंग्रजीत काहीच नाही. रोज चार वाक्यं झाली तरी दोन महिन्यांत एकाच प्रत्ययाची किती घरं आहेत ते तुझं तुलाच दिसेल. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, ५० गुणांचे. त्यात हा भाग हमखास सुटण्यासारखा असतो.

आता तुझी पाच वाक्यं.

‘द ऑफिस रिमेन्स ओपन’ आणि पुढे वेळ: तू बाय लिहिलंस, हवा अंटिल. रिमेन्समध्येच ‘सतत’ आहे.

‘शी हॅज बीन टीचिंग हियर’ आणि पुढे २०१२: सिन्स. कॅलेंडरवर बोट ठेवता येतं आणि हॅज बीन सांगतं की अजून चालू आहे.

‘यू कॅनॉट पास अनलेस यू डू नॉट स्टडी’, चूक शोधा: डू नॉट काढायचं. ‘अनलेस यू स्टडी’. पेरणीचं वाक्य आठव.

‘ही वॉज ॲक्यूज्ड’ आणि पुढे चोरी: तू फॉर लिहिलंस, कारण मराठीत ‘चोरीसाठी’ असं मनात आलं. ॲक्यूज्डचा जोडीदार ऑफ आहे. ब्लेम्डचा मात्र फॉर. दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेव.

‘शी लुक्ड आफ्टर मी’, मग रिकामी जागा, मग ‘अ मदर’, आणि पर्याय ॲज की लाइक. ॲज म्हणजे ‘म्हणून’, जी खरीच ती आहे. लाइक म्हणजे ‘सारखी’, जी ती नाही पण तशी वागली. ‘शी वर्क्ड ॲज अ नर्स’ म्हटलं तर ती नर्सच होती. तुझ्या वाक्यात सांभाळणारी खरी आई नाही, म्हणून लाइक लिही. माझ्या मोठ्या आईने मला आठवीपासून दहावीपर्यंत सांभाळलं, आणि तिच्याबद्दल इंग्रजीत लिहायचं झालं तर मलाही लाइकच लिहावं लागेल. मराठीत ती मोठी आई आहे, तिथे ‘सारखी’ लागत नाही.